टिनाच्या शेडला एवढा पाया काऊन? तुम्ही विचारलंत म्हणून

मी शेडचं डिझाईन करणारी इंजिनियर. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि यावेळी पूर्ण सांगते, कारण लग्नात, बँकेत, कृषी केंद्राच्या ओट्यावर, जिथं कुणी भेटेल तिथं हेच. "ताई, टिनाचं शेड त हाय, त्याले इतका पाया अन इतकं लोखंड कायले? आमच्या गावचा वेल्डर निम्म्यात करून देते." आणि मग जरा थांबून खरा प्रश्न येतो, "अन थे उडालं होतं, थे तुमचंच न?"

हो, वादळात छत उडालेल्या त्या शेडचं डिझाईन माझं होतं. उडालं ते मात्र माझं डिझाईन नव्हतं. लोकांना ही पळवाट वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. माझं इष्टिमेट जास्त असतं हे खरं आहे. आमच्या धंद्यात फी खर्चाच्या टक्क्यावर घ्यायची पद्धत आहे, म्हणजे खर्च वाढला की इंजिनियरची फी वाढली, आणि त्यावरून तुम्हाला शंका आली तर त्यात तुमचं काहीच चुकत नाही. मी आता चौरस फुटावर फी घेते. तरी पाया खोलच सांगते.

आता काऊन ते. घराचा पाया वजन पेलायला असतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला काळ्या मातीचं फुगणं-आकसणं मला शिकवायची गरज नाही, जुन्या वाड्यांचे पायेसुद्धा मुरूम लागेपर्यंत नेलेले सापडतात. पण शेडला वजनच नसतं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साधारण 5 किलो, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), राफ्टर (त्याखालचे तिरके वासे), कॉलम (खांब) सगळं धरून 25-30 किलो. आणि वारा? इमारतींवरच्या भारांचा भारतीय कोड आहे, आयएस 875, त्याच्या भाग 3 मध्ये नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिलाय, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. त्या वेगाला ढोबळ हिशोबानं चौरस मीटरवर शंभर किलोच्या वर दाब येतो, आणि छतावर तो खाली दाबत नाही, वर ओढतो. त्यात वाऱ्याच्या बाजूचं शटर उघडं असलं की वारा आत शिरून छताला खालूनही ढकलतो, कापसाच्या बंडीवरची ताडपत्री फुगते तसं. कोडमध्ये भिंतीत 5 टक्क्यांपेक्षा कमी उघडं असेल तर आतल्या दाबाचा गुणांक (वाऱ्याच्या दाबाचा किती हिस्सा आतून लागतो ते) 0.2, आणि 20 टक्क्यांच्या वर असेल तर 0.7. म्हणजे ट्रक आत जावा म्हणून तुम्ही जे मोठं दार मागता, तेच छत उचलणारं असतं. शेडचा पाया शेडला धरून ठेवायला असतो.

आता ते शेड. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडचं एक गाव, शेतकऱ्यांची कंपनी, तुरीची डाळ मिल आणि गोडाऊन. ड्रॉईंगमध्ये पाया 9 फूट, मुरमात, खाली रुंद फुटिंग (पायाचा काँक्रीटचा तळ), आणि खड्डा परत भरायचा तो मुरमानं, थराथरानं ठोकून, कारण त्या भरावाचं वजनच फुटिंगला खाली दाबून धरतं. छतात आणि भिंतीत क्रॉस ब्रेसिंग, म्हणजे तिरक्या लोखंडी आधारांच्या फुल्या. फॅब्रिकेटरनं साडेचार फुटांवर फुटिंग टाकलं, खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत लोटली, मुरमाच्या गाड्या वाचल्या, आणि दोन गाळ्यांतलं ब्रेसिंग "ट्रॅक्टरले आडवं येते" म्हणून काढून टाकलं. मला बोलावलं ते थेट उद्घाटनाला. तोवर सगळं जमिनीखाली गेलेलं, वर नवीन पत्रा चकाकत होता आणि बोर्डावर माझं नाव.

मे संपता संपता वावधान, म्हणजे वादळ, आलं. ट्रक लागला होता म्हणून शटर उघडं. मी सकाळी पोचले तेव्हा अर्धं छत बाजूच्या पऱ्हाटीच्या वावरात, पर्लिन वाकून गुंडाळलेल्या, आणि रात्रीच्या पावसात तुरीचे पोते भिजलेले. एका हमालाच्या पायावर पत्रा पडला होता, तो दवाखान्यात. मी कॉलमच्या बुडाशी गेले. बोल्ट तुटले नव्हते, वेल्डिंगही सुटलं नव्हतं. कॉलम, बेसप्लेट (बुडाची लोखंडी पाटी), काँक्रीटचा गोळा, सगळं एकत्र वर आलं होतं, आणि गोळ्याच्या चारी बाजूंनी माती इतकी सुटलेली की माझा हात मनगटापर्यंत आत गेला.

हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात तर दोन वेगळ्या धड्यांत असतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आपल्याकडं वावधान येतं ते एप्रिल-मेपासून, म्हणजे माती सगळ्यात जास्त फाटलेली असते आणि पायाची पकड सुटलेली असते नेमकं तेव्हाच. हिवाळ्यात तेच शेड कदाचित उभं राहिलं असतं.

अध्यक्ष काका काही बोलले नाहीत. एक संचालक म्हणाला, "ताई, नाव त तुमचंच हाय न बोर्डावर." मला काय बोलावं ते सुचलं नाही, आजही नीट सुचत नाही.

फॅब्रिकेटरला शिव्या देणं सोपं आहे, मी दिल्याही. पण कर्जाचा पुढचा हप्ता पत्रा चढल्यावर सुटणार होता, तुरीचा सीझन तोंडावर होता, आणि पायात घातलेला पैसा दिसत नाही. सुरुवातीच्या वर्षांतली मी म्हणायची, लोकांना कळत नाही, कोड म्हणतो म्हणून करा. आता वाटतं "काऊन" हा प्रश्न बरोबरच आहे, उत्तर आम्ही इंजिनियर देत नाही. तरी त्या जुन्या मुलीला मी पूर्ण खोटं पाडू शकत नाही, कारण कितीही समजावलं तरी खड्डा भरताना मी तिथं नसते.

स्वस्तात खोल जायचा मार्ग आहे, रुडकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच अंडर-रीम्ड पाईल काढले, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेले, खाली गोळा असलेले काँक्रीटचे खांब, तो गोळा मातीत अडकून ओढ धरतो. लांबून मिस्त्री आणि ऑगर (भोक पाडायचं अवजार) आणावं लागलं तरी विचारून बघा. फ्लोअरिंगचंही तेच, काळीवर थेट ट्रिमिक्स (काँक्रीटची जमीन) टाकलं की दोन पावसाळ्यांत फुगून फाटतं, काळी काढून खाली न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायचा, आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी हे कधीचं दाखवून ठेवलंय. आणि तराई, म्हणजे काँक्रीटला पाणी मारणं! फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट वापरता आणि मे महिन्यात चार दिवस पाणी मारून सोडता. अशा उन्हात 14 दिवस लागतात, टँकरचे पैसे इष्टिमेटमध्येच धरा.

गरमीचं मात्र फुकटात होतं, म्हणून जास्त राग येतो. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन फक्त आखूड भिंतींवर येतं. पत्रा पांढरा घ्या, मधोमध रिज व्हेंट (छताच्या माथ्यावर गरम हवा जायला फट) ठेवा. 45 डिग्रीत आत बसून डाळ निवडणाऱ्या बाया असतात, प्लॅन बघताना त्यांचा विषय कुणीच काढत नाही. सोलर लावायचं असेल तर आत्ताच सांगा, चौरस मीटरला 15 किलोच्या आसपास वजन वाढतं, नंतर नाही जमत.

सध्या आणखी एक गट आलाय. पैसे अर्ध्या शेडपुरते आहेत, पण मंजूर प्रस्तावात क्षेत्रफळ पूर्ण लिहिलंय. मी म्हटलं लहान बांधा, नीट बांधा. ते म्हणाले लहान बांधलं तर प्रस्तावच बसत नाही. दोघांचंही खरं आहे आणि माझ्याकडं उत्तर नाही. मी एकच अट घातलीये, खड्डे भरायच्या आधी मला फोन करायचा, मी टेप टाकून बघणार, मगच मुरूम पडेल, नाहीतर बोर्डावर माझं नाव नको. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.