सावंतवाडीहून जुन्या गोव्याला, चालत

शापोरा नदीवरचा कोलवाळचा पूल ओलांडला की चालणाऱ्याच्या पायांखालचा मुलूख बदलतो. पात्रादेवीपासून इथवर पेडणे तालुका. रस्त्याला देवळं, घुमट्या, अंगणात नुकतं लग्न लागलेली तुळस. पूल संपला की क्रूस सुरू होतात. वळणावर क्रूस, आंब्याखाली क्रूस, घराच्या गडग्यात चिणलेला क्रूस, आणि प्रत्येक गावाची स्वतःची पांढरी इगर्ज, म्हणजे चर्च. याला कारण इतिहासाचं आहे. नदीपल्याडचा हा बारदेश तालुका १५४३ पासून पोर्तुगीजांकडे कायमचा गेला. पेडणे त्यांच्या हाती आलं ते १७८८ मध्ये, आमच्या सावंतवाडीकरांकडून. दोन-अडीचशे वर्षं नदीच्या अल्याड एक राज्य आणि पल्याड दुसरं. गाडीने जाताना ही हद्द मला कधी जाणवली नव्हती.

आम्ही निघालो होतो जुन्या गोव्याला, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला. फेस्त म्हणजे सांताचा सण, हे ३ डिसेंबरचं. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या, प्रार्थना असतात आणि त्या दिवसांत चहूकडून माणसं चालत येतात. बेळगावकडची चोर्ला घाट उतरून, कारवारकडची काणकोणातून, आमच्याकडची बांद्यावरून. सावंतवाडी ते जुनं गोवें साठेक किलोमीटर. मी ख्रिस्ती नाही. शेजारची मावशी दरवर्षी चालत जाते, आणि तिच्यासोबत जाणारी तिची लेक यंदा परदेशी, एवढंच निमित्त. आईने डब्यात लाडू दिले आणि सायबाला, म्हणजे झेवियरला, घालायला मेणबत्तीचे पैसे. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही, मलाही नाही.

पुढे क्रूस धरलेला मुलगा, मागे आम्ही, सगळ्यात मागे अंथरुणं आणि पाण्याचे कॅन घेतलेला टेम्पो. मुलांच्या अंगात रस्त्यावर चमकणारी जाकिटं. उन्हापेक्षा ट्रक वाईट, म्हणून पहाटे तीनला निघायचं आणि दहा-अकराला सावली धरायची. एकाच्या खांद्यावर स्पीकर आणि त्यावर रोझरी. पन्नास वेळा तीच प्रार्थना, अर्धी पुढच्यांनी म्हणायची, उरलेली मागच्यांनी उचलायची. पहिल्या चढाला मला ते कंटाळवाणं वाटलं. मग लक्षात आलं की पाय त्या तालावरच पडताहेत आणि स्पीकरची बॅटरी गेली तेव्हा सगळ्यांची चाल मोडली.

पात्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीसाठी निःशस्त्र निघालेल्या सत्याग्रहींवर इथे पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबहून आलेला कर्नैल सिंग इथेच पडला. आमच्यातल्या एका आजोबांनी टोपी काढली, क्रूस धरलेला मुलगाही उभा राहिला. पुढे पेडण्यात एका घरातल्या बाईने सगळ्यांना कोकम सरबत दिलं आणि मावशीच्या हातात खोबरेल तेलाची बाटली ठेवली. म्हणाली, म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या मारिया मातेला, घाल, मला यंदा जमणार नाही.

मुक्काम कोलवाळला, गावच्या चर्चच्या हॉलमध्ये. हे चर्च असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं, १५९१ सालचं. बारदेशातली गावं तेव्हा फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्र्यांकडे सोपवली होती, जशी सासष्टी जेजुइट संघाकडे, म्हणून इथे असिसीचा फ्रान्सिस. आपल्याला आठवतो तो झेवियर, हा त्याच्या तीनशे वर्षं आधीचा, पाखरांशी बोलणारा. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर चुना, आत गारवा. मी मागच्या बाकावर पाय पसरून बसले आणि झोप लागणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "हय बसलंस तर मगे उठूक जमाचा नाय गो चेडवा. पयलो पाय धू."

गावच्या बायकांनी चण्याचं तोणाक आणि पाव आणले होते, आजारी दिसणाऱ्यांना पेज. वाढणाऱ्यांत एक म्हातारे तारवटी होते. उभा जन्म बोटीवर काढून गावी परतलेले. जेवणं झाल्यावर ते पायरीवर बसले आणि मला हवं होतं ते सगळं आपणहून सांगत गेले.

त्यांचं म्हणणं असं, की गाव आधी आणि इगर्ज मागून. गोव्यातल्या जुन्या गावांची गांवकारी, म्हणजे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणू लागले ती, पोर्तुगीजांच्या आधीची. शेतजमीन सगळ्या गावाची, ती लिलावाने कसायला द्यायची, बांध आणि मानशी, म्हणजे खाजणातली पाण्याची दारं, सांभाळायची, उरलेला पैसा गांवकारांत वाटायचा. देवळाचा खर्च त्यातूनच. देवळं पाडली गेली आणि चर्चं उभी राहिली तेव्हा तो खर्च चर्चकडे वळला. वाईट काळ होता, हे त्यांनी स्वतःहून म्हटलं, मला म्हणावं लागलं नाही. पण गावाने आपलं वागणं सोडलं नाही. भात पिकलं की पहिली कणसं गांवकारांनी कापायची, वाजतगाजत चर्चमध्ये आणायची, पाद्र्याने आशीर्वाद द्यायचा आणि घराघरांत वाटायची. राय गावात हे कणसांचं फेस्त ५ ऑगस्टला होतं, इतर गावांत त्यापुढे. मी त्यांना आमच्याकडे दाराला बांधायच्या नव्याबद्दल, म्हणजे नव्या भाताच्या कणसांबद्दल, सांगितलं, तर म्हणाले, "मग कितें, तेंच!"

गावच्या फेस्ताचा मान कोणाचा, यावरून मात्र गोव्यातल्या इगर्जींमध्ये काय काय झालंय! चर्चमध्ये कॉन्फ्रारी असतात, म्हणजे फेस्त, मिरवणूक, मयत यांची जबाबदारी घेणारी मंडळं. लाल-पांढऱ्या झुली घालून मिरवणुकीत पुढे चालणारे ते हेच. कितीतरी गावांत ही मंडळं जातीवर बेतलेली होती. बामणांची वेगळी, चारड्यांची (ख्रिस्ती क्षत्रियांची) वेगळी, आणि बाकीच्यांनी मागून चालायचं. धर्म बदलला, जात तशीच बाकावर येऊन बसली. काही ठिकाणची भांडणं कोर्टापर्यंत गेली. म्हाताऱ्यांनी हे हसत सांगितलं, मला हसू आलं नाही. आमच्या गावच्या पालखीलाही खांदा कोणी द्यायचा यावर दोन पिढ्या बोलत नाहीत.

त्यांच्या लहानपणी चर्चची शाळा होती आणि तिथला मेस्त मुलांना आधी सूर शिकवायचा, मग बाकीचं. नोटेशन वाचता आलं की व्हायोलिन हातात. गावोगावच्या या चर्चशाळांमधून निघालेली मुलं पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालचे गुरू. आपण ज्याला जुनी हिंदी गाणी म्हणतो त्यातली व्हायोलिनं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, वाजणाऱ्या सुरांत तयार झालेली आहेत.

मुंबईत ही माणसं राहायची कुडात. धोबीतलावच्या आसपास एकेका गावाचा एकेक कूड: मोठी खोली, भिंतीला लागून ट्रंका, एका टोकाला आल्तार, म्हणजे देव्हारा. बोट मिळेपर्यंत तिथे पडायचं, आपल्या गावच्या माणसाला जागा नाकारायची नाही, आणि संध्याकाळची रोझरी चुकवायची नाही. गावच्या सांताचं फेस्त गावात जितकं व्हायचं तितकंच कुडातही. म्हातारे म्हणाले, तारवावरून उतरलो की मुंबईत आधी कूड, मग इगर्ज, मग गाडी. संध्याकाळच्या आमोरीच्या, म्हणजे दिवेलागणीच्या प्रार्थनेच्या, घंटेला ते बोलता बोलता थांबले, ओठ हलले, आणि थांबलेलं वाक्य जिथल्या तिथून पुढे सुरू झालं.

झोपण्याआधी मी त्यांना १६८३ बद्दल विचारलं. आमच्याकडे शाळेत ही गोष्ट एका बाजूने सांगतात. त्या नोव्हेंबरात संभाजीराजांनी रात्रीत जुवे बेट घेतलं, व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर जखमी होऊन कसाबसा जुन्या गोव्यात परतला. डिसेंबरात मराठी फौजा सासष्टी आणि बारदेशात शिरल्या, कोलवाळच्या शेजारचं थिवीं पडलं. शहर वाचण्याची आशा उरली नाही. तेव्हा व्हाइसरॉय झेवियरचा देह असलेल्या बॉम जेजूस चर्चमध्ये गेला, झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपल्या सत्तेची काठी त्याच्या हातात ठेवली: आता राज्य तू सांभाळ. पुढे मोगल शहजादा शाहआलम रामघाटाने कोकणात उतरला आणि राजांना गोवा सोडून मागे फिरावं लागलं. आपल्या लेखी मोगलांनी घात केला. त्यांच्या लेखी सायब पावला. त्यानंतर नव्या गव्हर्नरने सायबाकडून काठी घ्यायची अशी रीतच पडली.

म्हणजे ज्या फौजेच्या भीतीने ती काठी ठेवली गेली, तिच्याच मुलखातून आम्ही पायाला फोड आणून त्याच्याकडे चाललो होतो. म्हाताऱ्यांना यात विसंगती दिसली नाही. म्हणाले, चांगला जिंकलेला गडी हरलेल्यालाही जेवायला बोलावतो.

दुसऱ्या दिवशी म्हापसा. मिलाग्रीस सायबिणीपाशी मावशीने पेडण्याच्या बाटलीतलं तेल घातलं, मग स्वतःचं. ही सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण असं सगळा बारदेश मानतो. सात बहिणींपैकी एक मिराबाई ती मिलाग्रीस झाली. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी तिचं फेस्त, आणि तेलाच्या रांगेत हिंदू-ख्रिस्ती सारखेच. बहिणी-बहिणींत फुलांची आणि तेलाची देवघेव होते असंही सांगतात. अभ्यासक याला मोठमोठी नावं देतात. रांगेतली माणसं बहिणीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, एवढंच.

पर्वरीचा उतार माझ्या गुडघ्यांनी लक्षात ठेवलाय, मला मात्र काही आठवत नाही. पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ता सुंदर. १६३३-३४ मध्ये बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांध, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरांची पाणथळ, बगळे. चालायला याहून चांगली जागा नाही, आणि वाहनांना तेवढीच अडचणीची. मागून हॉर्न वाजत राहतात.

जुन्या गोव्यात पोचलो तेव्हा पहाटेचा मिस्स मांडवात चालू होता. कोंकणी प्रार्थना, हजारो माणसं, चपला हातात घेतलेली. आत सायब उंचावर, चांदीच्या पेटीत. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, फोज्जीनी नावाच्या शिल्पकाराचा, १६९८ पासून इथे. दर दहा वर्षांनी पेटी खाली आणतात. मागच्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. बाकी वर्षी मान वर करूनच पाहायचं. काही दिसलं असं मी म्हणणार नाही. गर्दीने पुढे ढकललं, मी हात जोडले, बाहेर आले.

बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं विकायला होती. जे दुखलं-खुपलं त्याचा मेणाचा आकार वाहायचा. मावशीने एक पाय घेतला, मग माझ्याकडे बघून दुसराही. "तुझो," म्हणाली, "गुडघो धरून चलत हुतंस." पैसे मला देऊ दिले नाहीत. आईचे मेणबत्तीचे पैसे मी त्यानंतर मेणबत्तीलाच घातले, उरले त्याचं खाजं घेतलं, आणि संध्याकाळी कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये उभ्यानेच सावंतवाडी गाठली, कारण बसायला जागा होती ती आजोबांना दिली.