पियानो, ऑर्केस्ट्रा आणि घुमट: ८० बार झाले

मंडळी, पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी मी जी रचना लिहितोय, तिच्यात मागच्या वेळी ५२व्या बारवर (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक भाग) अडलो होतो, आता ८० झाले. सात मात्रांचा बार, मिनिटाला १९२ मात्रा. म्हणजे तीन मिनिटांना पाच सेकंद कमी. पाच मिनिटांच्या वर जायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं.

अडवलं होतं घुमटाने, म्हणजे एका तोंडाला चामडं लावलेल्या मातीच्या मडक्यासारख्या वाद्याने. चतुर्थीला आमच्या फोंड्याच्या घरी आरतीला घुमट वाजतं. त्याचा तो घुम्म करून वर येणारा नाद मला टिंपनीत (ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यात) हवा होता. टिंपनीचा सूर पेडलने चढवता येतो, त्यामुळे काम सोपं वाटलं. लिहिलं, कॉम्प्युटरवर वाजवलं आणि शेजारच्या काकांना ऐकवलं. ते वर्षानुवर्षं आरतीत घुमट वाजवतात. म्हणाले, "हें घुमट न्हय, हो कळसो." (कळसो म्हणजे कळशी.)

मग आतून आपलं घुमट घेऊन आले. उजवा हात चामड्यावर, डावा तळवा मागच्या उघड्या तोंडावर. तळवा टेकला की नाद कोंडतो, उचलला की सुटतो. मी चढत्या सुराच्या मागे लागलो होतो, आणि सगळी गंमत त्या कोंडण्या-सोडण्यात! (पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, आता कायद्याने बंदी. काकांचं बकरीचं आहे.)

टिंपनी गेली. ते काम आता पियानोकडे. उजव्या हाताने खर्जातल्या पट्ट्या, डाव्या हाताचं बोट आत, तारेच्या टोकाशी. बोट टेकलेलं असताना मडक्यावर टिचकी मारल्यासारखा बसका आवाज येतो. उचललं की पुढचा ठोका मोकळा वाजतो. ओळखीच्यांच्या ग्रँड पियानोवर (आडव्या तारांच्या मोठ्या पियानोवर) करून पाहिलं, जमतं. दोन अडचणी मात्र आहेत. आतल्या लोखंडी चौकटीचे दांडे प्रत्येक ग्रँडमध्ये वेगळ्या जागी असतात, त्यामुळे हवी ती तार हाताला लागेलच असं नाही. म्हणून पर्यायी सूरही लिहून ठेवलेत. शिवाय घामाने तारांना गंज चढतो, आपल्या हवेत तर लगेच. बोटाला सुती चिंधी गुंडाळणे, ही सूचना पहिल्याच पानावर.

खरं घुमटच का नाही, असं दोघांनी विचारलं. २०१९मध्ये ते गोव्याचं वारसा वाद्य जाहीर झालं, मान आहेच. पण ऑर्केस्ट्रात एकटं बसवलं की ते शोभेचं होतं, असं माझं मत. हंगेरियन संगीतकार बार्टोकने १९२६च्या पहिल्या पियानो कन्चेर्टोत (पियानो आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेत) तालवाद्यं पियानोच्या पाठीशी बसवायला सांगितली. मला पियानोलाच तालवाद्य करायचंय.

एक फजितीही झाली. क्लॅरिनेटवाल्याने वाचायचा कागद मी एक सूर वर चढवून न लिहिता, ऐकू येणाऱ्या सुरातच छापला. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतो, हे माहीत असूनही! मित्राने वाजवलं, आणि आम्ही दोघं दहा मिनिटं त्याची रीड (फुंकायच्या तोंडाची पातळ पट्टी) तपासत बसलो.

आता ६१ ते ६८ या बारांत चेलो आणि डबल बास ही खालच्या सुरांची तंतुवाद्यं पियानोचा खर्ज गिळताहेत. कॉम्प्युटर म्हणतो सगळं ऐकू येतंय, पण तो आवाज वाढवून फसवतो. या आठवड्यात डबल बास तिथून काढतो आणि चेलोंना नुसतं बोटाने छेडायला लावतो.