एका यंत्राला दोन इलेक्ट्रिशियन

फोन आला तेव्हा यंत्र अख्खी शिफ्ट बंद पडून होतं. बिघाडाचा निरोप सिस्टिमने दोन इलेक्ट्रिशियनना पाठवला, दोघांनीही स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव पाहिलं आणि तो गेला असेल असं धरलं. चूक त्यांची नव्हती. डेटाबेसमधल्या टेबलांची रचना माझी होती.

देखभालीचे नियम दोन होते. एका तंत्रज्ञाचं कौशल्य एकच. आणि एका यंत्रासाठी एका कौशल्याचा जबाबदार माणूस एकच. जुन्या टेबलात यंत्र, कौशल्य, तंत्रज्ञ असे तीन कॉलम होते, यंत्र आणि कौशल्य मिळून प्रायमरी की, म्हणजे ती जोडी टेबलात एकदाच येऊ शकते. म्हणजे थर्ड नॉर्मल फॉर्म (टेबलांतली पुनरुक्ती कमी करणाऱ्या नियमांची एक पायरी), पण त्याहून कडक बीसीएनएफ नाही, कारण त्यात जे दुसरं काही ठरवतं ते स्वतः की असावं लागतं; इथे तंत्रज्ञावरून कौशल्य ठरतं आणि तंत्रज्ञ काही एकटा की नाही. एका माणसाकडे चाळीस यंत्रं असली की त्याचं कौशल्य चाळीस वेळा लिहिलेलं. मला ते खुपलं. मी टेबल फोडलं: एकात तंत्रज्ञ आणि कौशल्य, दुसऱ्यात यंत्र आणि तंत्रज्ञ. दोन्ही जॉइन केली, म्हणजे तंत्रज्ञावरून पुन्हा जोडली, की जुना डेटा जसाच्या तसा परत येत होता, एक रो (ओळ) जास्त नाही, एक कमी नाही. ते तपासून मी निर्धास्त झालो.

पण दुसरा नियम आता कुठल्याच एका टेबलात मावत नव्हता. यंत्र इथे, कौशल्य तिथे. युनिक, म्हणजे दुहेरी नोंद नाकारणारी अट, लावायची कशावर? स्क्रीनच्या कोडमध्ये तपासणी होती, पण बदल्यांच्या काळात सुपरवायझर एक्सेल फाइल अपलोड करतात आणि ती वाट स्क्रीनवरून जात नाही. जुन्या टेबलाने तिथल्या तिथे एरर दिली असती. रचनेच्या बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या होत्या, “कौशल्य तिथेच राहू द्या.” कारण त्यांना शब्दांत मांडता आलं नाही, आणि आम्ही पुढे गेलो. ज्याला व्याख्या पाठ त्याचंच खरं, ही आमच्या क्षेत्रातली फार वाईट सवय आहे.

मी गणिताकडून इकडे आलो. पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचा स्मिथ नॉर्मल फॉर्म (फक्त कर्णावर आकडे उरतात असं तिचं साधं रूप) काढताना रांगा-स्तंभ कुठल्याही क्रमाने हाताळा, चिन्हांचा फरक सोडला तर उत्तर एकच येतं. तिथे नॉर्मल फॉर्म म्हणजे मुक्काम. टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉड यांनी 1970 च्या सुमारास हाच शब्द डेटाबेसमध्ये आणला, पण इथे एकाच नियमांतून दोन वेगळ्या, दोन्ही बरोबर रचना निघू शकतात. संशोधक बर्नस्टाईन यांनी 1976 मध्ये दाखवलं की एकही डिपेंडन्सी (‘यावरून ते ठरतं’ असा नियम) न गमावता थर्ड नॉर्मल फॉर्म नेहमी गाठता येतो. बीसीएनएफबद्दल तशी हमी नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी लिहिलंही होतं.

दुरुस्ती मात्र मनासारखी झाली. कौशल्याचा कॉलम परत आणला, यंत्र आणि कौशल्य पुन्हा प्रायमरी की. मग तंत्रज्ञाच्या टेबलात (तंत्रज्ञ, कौशल्य) या जोडीवर युनिक लावलं आणि नव्या टेबलातून त्या जोडीकडे दोन कॉलमची फॉरेन की, म्हणजे तिथे नसलेली जोडी इथे लिहिताच येत नाही. कौशल्य आजही चाळीस वेळा लिहिलं जातं, पण एकदाही चुकीचं लिहिता येत नाही.

की लावण्याआधी दुहेरी नोंदी काढायच्या होत्या. 31 निघाल्या. दोघांतला खरा कोण हे डेटा सांगत नव्हता, म्हणून एकेका सुपरवायझरला फोन केला. तिसांचा निकाल लागला. एकतिसाव्याला सुपरवायझर म्हणाले, “दोघंही बरोबर आहेत. एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला. आधीपासून असंच आहे. जुन्या सिस्टिमला दुसरं नाव चालायचं नाही, म्हणून ते वहीत लिहायचो.”

शिफ्टचा कॉलम आमच्याकडे कुणी मागितलाच नव्हता. ती एक रो मी अजून बाजूला ठेवली आहे.