लावणीच्या दिवसात घरी कोण सापडतं?

आमच्या सिंधुदुर्गात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळी ताप, काही नवा नाही. पावसात तापाचा पेशंट आला की डॉक्टर आधी विचारतात, शेतात उतरला होतात का. उंदराच्या, गुरांच्या मुतातून जंतू चिखलपाण्यात येतात आणि कातडीला जिथे भेग नाहीतर जखम असेल तिथून आत शिरतात, आणि लावणीच्या दिवसात पायाला भेग नसलेला माणूस दाखवा मला. म्हणून आशाताई घरोघर डॉक्सीसायक्लीन वाटतात, आठवड्यातून एकदा २०० मिलीग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन, चिखलातलं काम चालू असेपर्यंत (गरोदर बायका आणि लहान मुलं सोडून).

मी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य, शिकवते. पोरांच्या लेखी हा पास होण्यापुरता वाचायचा विषय, असो. एका जुलैत कुडाळ तालुक्यातल्या एका गावात सर्व्हे लावला होता, गोळ्या वाटल्या जातात पण लोक त्या घेतात का, एवढंच बघायचं होतं. जोड्या पाडून पोरं वाड्यांवर पाठवली.

संध्याकाळी फॉर्म तपासायला बसले. बाकीच्यांचे फॉर्म बघवत नव्हते, ओले, खाडाखोड केलेले, चिखलाची बोटं उमटलेली, "घर बंद", परत "घर बंद", मध्येच एकीने लिहिलेलं "आजी म्हणाल्या नंतर ये". आणि एका जोडीचा गठ्ठा लग्नपत्रिकांसारखा कोरा करकरीत! मुलाखतीची वेळ साडेदहा, पावणेअकरा, अकरा, ठिकाण सगळ्यांचं राहतं घर, आणि उत्तर सगळ्यांचं एकच, हो, नियमित घेतो.

आता मी इथलीच, माहेर वेंगुर्ल्याकडचं. पाऊस धरलाय, तरवा (भाताची रोपं) लावणीला आलाय आणि सकाळी अकराला अख्खी वाडी घरात बसून मुलाखती देतेय? तरी खात्री करावी म्हणून आशाताईला फोन लावला तर ती हसायलाच लागली, "मॅडम, लावणीत घरात कोण गावतला? म्हातारीपण तरवो काढूक जाता."

दोघांना बोलावलं. शहरातली पोरं, हुशार, वाईट अजिबात नाहीत. एकाने लगेच सांगून टाकलं, घरं बंद होती, पाऊस थांबेना, मग देवळात बसून भरले. वर म्हणतो, "मॅडम, तसंही सगळे हो-च म्हणणार होते ना?"

ह्याच वाक्याने माझं डोकं फिरलं. मी हा गठ्ठा बाजूला काढते म्हटल्यावर आमचे एक सीनियर म्हणाले, अगं सॅम्पल कमी पडेल, कॉलेजच्या सर्व्हेला कोण एवढं बघतं. कोण बघतं म्हणजे? उद्या हाच आकडा वर जाणार, गोळ्या पोचल्या, लोकांनी घेतल्या, काम छान चाललंय, आणि ऑगस्टमध्ये कोणी कावीळ होऊन किडनी बंद पडून आला की आपण म्हणणार अरेरे, ह्याचं नशीब. मी वर्गात दरवर्षी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण देते, विंचू चावलेल्या पेशंटच्या खाटेशेजारी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या म्हणून प्राझोसिन ह्या औषधाचा उपचार उभा राहिला, देवळात बसून नाही राहिला. गठ्ठा मी वगळलाच.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांना घेऊन शेतावर गेले. इरली आता कमीच दिसतात, बहुतेकींच्या अंगावर प्लास्टिकच्या खोळी. मेरेवर बसून पेजेची वेळ होईपर्यंत थांबलो, मग एका काकींना विचारलं, गोळ्या घेता का? "व्हय तर, घेतंय मगे!" पोरगा माझ्याकडे बघतोय, म्हणजे बघा, मी म्हटलं नव्हतं का. मी काही बोलले नाही. दुपारी काकी घरी निघाल्या तशा त्यांच्या मागोमाग गेलो आणि म्हटलं, काकी, जरा पाकीट दाखवा ना. फळीवरच्या डब्यातून पाकीट निघालं, त्यातल्या दोनच गेलेल्या, बाकी सगळ्या जागच्या जागी.

मग काकी खरं बोलल्या. "रिकाम्या पोटार घेतलंय नि मळमळाक लागला. लावणी करू की ओकत बसू? आणि नाय म्हटलंय तर आशाक बोलणी बसतली, ती आमचीच ना."

गोळ्या सकाळी वाटायच्या, बायका नुसत्या चहावर शेतात जायच्या, आणि ही गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं हे तर फार्माकॉलॉजीत त्या दोघांनीच पाठ केलेलं! नंतर त्यांनी ती वाडी पुन्हा केली, दुपारी आणि दिवेलागणीला, प्रत्येक घरात पाकीट बघायला मागून, आणि कित्येक घरात हेच निघालं. ह्यावेळी फॉर्म भिजलेले होते.

रिपोर्ट उशिरा गेला, सॅम्पल कमी का ते त्यात सरळ लिहिलं, सीनियरांनी थोडी कुरकुर केली. आशाताई आता संध्याकाळी फिरते, जेवण झाल्यावर आणि भरपूर पाण्याबरोबर घ्या असं बजावून सांगते, आणि घेतल्या का असं न विचारता पाकीट मागते. त्या दोघांचे मार्क मात्र मी कापले ते कापलेच.