डिसेंबरातला बेसबॉल

"अगं, मॅच नाही, काही नाही, मैदानावर फूटभर बर्फ, आणि तू फोनमध्ये डोकं खुपसून कसला बेसबॉल बघतेस?"

हा प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो. हळदीकुंकवाला येतो, नाशिकहून मामाच्या फोनवर येतो, परवा तर दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले असताना एका ओळखीच्या बाईंनी विचारला. आजवर "असंच" म्हणून वेळ मारून नेली. पुन्हा विचारलंत, म्हणून यंदा नीट सांगते. 'बेसबॉल म्हणजे अमेरिकेचा विटीदांडूच ना' याला मात्र उत्तर देणार नाही, ते भांडण निराळं.

आधी तुम्हाला पटेल असं कारण. या खेळातली मोठमोठी नाट्यं सामने संपल्यावरच घडली आहेत. बोस्टनच्या मालकाने बेब रुथ या आपल्या बिनीच्या खेळाडूला न्यूयॉर्कला विकलं ते 1919 च्या डिसेंबरात, एक लाख डॉलरला. मग बोस्टनला पुढचं विजेतेपद बघायला 2004 उजाडलं. पिट्सबर्गचा खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघाला आणि विमान समुद्रात पडलं. त्याच्या बरोब्बर 3000 हिट्स (चेंडू टोलवून बेस गाठणं) झाल्या होत्या, त्या तेवढ्याच राहिल्या. आणि 2023 च्या डिसेंबरात जपानचा शोहेई ओहतानी टोरंटोच्या संघात चालला अशी आवई उठली, तेव्हा कॅलिफोर्नियाहून तिकडे निघालेलं एक खासगी विमान लोक तासन्‌तास नकाशावर बघत होते. त्यात मीही. इकडे फोडणी करपली. विमानातून उतरला भलताच कोणी उद्योगपती. दुसऱ्या दिवशी ओहतानीने लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचं नाव जाहीर केलं. दहा वर्षं, 70 कोटी डॉलर.

एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं. खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगायची मला लाज वाटते.

2011 साली आम्ही सेंट लुईसला होतो. त्या ऑक्टोबरात तिथल्या कार्डिनल्स संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली होती, ऑफिसात सगळीकडे लालच लाल. आणि 8 डिसेंबरला, गुरुवारी सकाळी, बातमी आली की त्यांचा अल्बर्ट पूहोल्स कॅलिफोर्नियाला एंजल्स संघाकडे चालला. अकरा वर्षं, 445 होम रन, दोन विजेतेपदं, आणि चालला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याचा फोटो भिंतीवरून काढून उलटा ठेवला. मीही तावातावाने बोलले. पैशासाठी गाव सोडतो म्हणजे काय, वगैरे. मुलीच्या खोलीत पूहोल्सचा पाच नंबरचा टी-शर्ट होता, तो मी त्या रात्री कपाटात खाली टाकला.

शुक्रवारी दुपारी मी डबा खात होते. मटकीची उसळ. फोन आला. माझ्या मॅनेजरचा नव्हे, एचआरमधल्या कुणा मुलीचा, आवाजावरून नवीनच असावी. इथलं काम संपतंय, 9 जानेवारीपासून तुम्ही न्यू जर्सीला. मी पेपर नॅपकिनवर तारीख लिहिली. विचारलं काय, तर "ऑफिसात पार्किंग आहे का?" आणि ठेवताना मी तिला "थँक यू सो मच" म्हटलं. तो "सो मच" मला अजून रात्री आठवतो.

व्हिसा कंपनीचा, ग्रीन कार्डचे कागद कंपनीचे. नवऱ्याची नोकरी तिथल्या लॅबमध्ये, मुलगी पहिलीत. ती दोघं शाळा संपेपर्यंत तिथेच राहिली. पाच महिने मी रोज सकाळी स्काइपवर तिची वेणी बघायचे. बापाने घातलेली, एक बाजू नेहमी वर. इथले लोक म्हणाले, नशीब काढलंस, जर्सीत पोळ्यासुद्धा विकत मिळतात. मिळतात. मीही आणल्या. जाडच असतात.

कर्ट फ्लड मला आठवला तो त्या भाड्याच्या खोलीत. फ्लडही कार्डिनल्सचाच, सेंटर फील्डला उभा राहायचा, क्षेत्ररक्षणासाठी मिळणारे गोल्ड ग्लव्ह ओळीने सात वर्षं मिळवलेला. 1969 चा सीझन संपल्यावर क्लबच्या कचेरीतल्या कुणा दुय्यम माणसाने फोन करून सांगितलं की तुझा ट्रेड झालाय, फिलाडेल्फिया. बारा वर्षांच्या नोकरीवर एक फोन. तेव्हा रिझर्व्ह क्लॉज होता. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाचाच. संघ विकेल तिथे जा, नाहीतर घरी बस. फ्लडने 24 डिसेंबरला बेसबॉलच्या कमिशनरला पत्र लिहिलं. मी माझ्या मनाविरुद्ध विकत घ्यायची-द्यायची वस्तू आहे असं मला वाटत नाही, अशा अर्थाचं, शांत, सभ्य पत्र. कमिशनर नाही म्हणाला, तेव्हा तो कोर्टात गेला. 1970 चा अख्खा सीझन खेळला नाही. साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला, मोठ्या लीगमधली वर्णबंदी मोडणारा, पण तो निवृत्त झालेला. खेळणाऱ्यांपैकी एकही जण कोर्टाची पायरी चढला नाही. 1972 मध्ये सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 3 ने हरला. त्याआधीच त्याचा खेळ संपला होता. 1971 मध्ये वॉशिंग्टनकडून 13 सामने, बस्स.

आता कबुली. फ्लडबद्दल मी पहिल्यांदा वाचलं 2009 मध्ये, आणि मी हसले होते. 1969 साली वर्षाला 90 हजार डॉलर घेणारा माणूस स्वतःला वस्तू म्हणवतो? तेव्हा कित्येक क्रीडा लेखकही हेच म्हणत होते हे मला नंतर कळलं. त्या वेळच्या मला आज काय सांगू? पगार आणि मालकी या दोन गोष्टी आहेत, हे तिला समजत नव्हतं असं नाही. समजून घ्यायची गरज पडली नव्हती. आणि पूहोल्सवर दात खाणारी मीच ना? ज्या हक्कासाठी फ्लड भांडला, त्याच हक्कामुळे तर करार संपल्यावर पूहोल्सला आपलं गाव आपण निवडता आलं.

थांबा, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. स्वतःला फ्लडच्या रांगेत बसवतेस? नाही बसवत. तो कृष्णवर्णीय. दक्षिणेत धाकट्या लीगमध्ये खेळताना त्याचा घामेजला गणवेश गोऱ्यांच्या कपड्यांत पडला, तर तिथल्या नोकराने तो काठीने उचलून बाजूला काढला होता. माझे कपडे कुणी काठीने उचलले नाहीत. मला पगार वेळेवर मिळाला, पार्किंगसुद्धा मिळालं. आणि दुसरी नोकरी शोधायला मला कायद्याने कुणी अडवलं नव्हतं. कागद पुन्हा पहिल्यापासून, एवढीच भीती. तेवढी पुरली.

नवरा म्हणतो, तू उगाच फ्लडची पूजा करतेस. फ्लड हरला. जिंकले मेसरस्मिथ आणि मॅकनॅली हे दोन पिचर, 23 डिसेंबर 1975 ला, तेही कोर्टात नाही, लवादापुढे. संघाला खेळाडू कायमचा धरून ठेवता येणार नाही, असा निकाल पीटर साइट्झ नावाच्या लवादाने दिला आणि मालकांनी त्यालाच लगेच काढून टाकलं. मुद्दा बरोबर आहे. मी म्हणते, फ्लडचं बघूनच बाकीच्यांना बळ आलं. तो म्हणतो, कशावरून? मला दाखवता येत नाही.

जून 2019 मध्ये पूहोल्स एंजल्सकडून खेळायला पहिल्यांदा सेंट लुईसला परत आला, तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी ते जर्सीत किचनच्या ओट्याशी उभी राहून फोनवर बघितलं. पाच नंबरचा टी-शर्ट मुलीला केव्हाच लहान झाला होता. त्याचा पुसायचा कपडा केलाय, तो त्याच ओट्यावर होता.

म्हणून डिसेंबरात बघते. कोणाला फोन आला, कोणाला विचारलं, कोणाला नुसतं कळवलं. परवा नवऱ्याने विचारलं, "एवढा फ्लड पटतो, तर तेव्हा 'नाही' का म्हणाली नाहीस?" मी म्हटलं, दूध उतू जातंय बघ. दूध उतू जात नव्हतं.