पांढऱ्या कणांचा उगम सापडला : पोटॅशियम ऑक्झलेट डेव्हलपरची नोंद

पॅलेडियम प्रिंट म्हणजे पॅलेडियम आणि लोहाचे क्षार लावलेल्या कागदावरचे छायाचित्र; ते मी पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणाने, म्हणजे डेव्हलपरने, उमटवतो. अशा प्रिंटवर येणाऱ्या ज्या पांढुरक्या थराविषयी मागील नोंदीत लिहिले होते, त्याचे कारण अखेर हाती लागले आहे. अजिंक्यताऱ्याच्या ८×१० इंची निगेटिव्हचे तीन पॅलेडियम प्रिंट त्याने वाया घालवले. ओले असताना नितळ दिसणारे गडद भाग वाळल्यावर पीठ भुरभुरल्यासारखे होत.

पहिला संशय साताऱ्याच्या गारठ्यावर होता. लिटरला ३५० ग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट म्हणजे द्रावण संपृक्ततेच्या (आणखी विरघळू न शकण्याच्या) काठावरच असते आणि रात्री तळाशी स्फटिक बसतात. म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवली. पारदर्शक स्फटिक विरघळले, वापरातून साचलेले फेरिऑक्झलेटचे (लोह आणि ऑक्झलेटच्या क्षाराचे) हिरवे खडेही विरघळले, पण पांढरा गाळ तसाच राहिला. उष्णतेला दाद न देणारा हा गाळ कॅल्शियम ऑक्झलेटचा असणार, हे तेव्हा लक्षात आले. कागद बफर नसलेला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट न मिसळलेला, असल्याने त्यातून कॅल्शियम येण्याचा प्रश्न नव्हता, उरले पाणी.

वाफ थंड करून जमवलेल्या थोड्या पाण्यात ताजे ऑक्झलेट विरघळवले आणि त्याचे काही थेंब तीन वेगवेगळ्या पाण्यांच्या ग्लासांत टाकले; कॅल्शियम असेल तर पाणी गढूळते. बोअरचे पाणी क्षणात दुधाळ झाले, ते अपेक्षितच होते. वाफेचे पाणी स्वच्छ राहिले. बॅटरीसाठी मिळणारे, डिस्टिल्ड असे छापलेल्या कॅनमधले पाणी मात्र स्पष्टपणे गढूळले! त्या दुकानाचा कॅन मी पुन्हा घेणार नाही, आणि कोणताही नवा कॅन ही थेंब-चाचणी केल्याशिवाय वापरणार नाही.

सर्वांत मोठा आनंद जुन्या डेव्हलपरचा आहे. ऑक्झलेट मुबलक असल्याने आलेले कॅल्शियम गाळाच्या रूपाने आधीच खाली बसले होते. वरचे द्रावण नितळून, फिल्टर पेपरमधून दोनदा गाळले आणि दोन वर्षे जपलेला दीड लिटर डेव्हलपर वाचला. त्यात लोहाचे प्रकाशसंवेदी क्षार असल्याने तो तपकिरी बाटलीतच ठेवतो.

भर घालण्यासाठी लागणारे द्रावण ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम कार्बोनेट यांपासून, वजनाने १२६ ला १३८ या प्रमाणात, घरीच केले. फेस फार येतो, म्हणून कार्बोनेट चमचा-चमचाच घालावे. ॲसिड विषारी असल्याने हातमोजे हवेत आणि भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी हवीत. द्रावण किंचित आम्लधर्मी असल्याचे लिटमसने पाहूनच बाटली भरली, कारण अल्कधर्मी द्रावणात लोहाचा पिवळा डाग कागदात बसतो.

हे लिहितानाच एक चूक जाणवली. डेव्हलपरने भिजलेला प्रिंट मी थेट बोअरच्या पाण्यात धुतो, म्हणजे तोच गाळ तेथे कागदाच्या धाग्यांतच तयार होत असणार. त्यामुळे या रविवारची प्लॅटिनम मिश्रणाची चाचणी पुढे ढकलत आहे. आधी त्याच निगेटिव्हचे दोन प्रिंट काढून, एकाची पहिली धुलाई आणि ईडीटीएचे (कागदात उरलेले लोह काढणाऱ्या रसायनाचे) पहिले स्नान चाचणीत उतरलेल्या पाण्यात करीन, तर दुसऱ्याची नेहमीच्या पाण्यात. फरक दिसला, तर जूनमध्ये पहिल्या काही सरी सोडून उघड्यावरचे पावसाचे पाणी स्टीलच्या पातेल्यांत साठवायचे आहे.