मानेची सोनोग्राफी, दुसऱ्यांदा

पहिल्या रिपोर्टात थायरॉइडच्या गाठीचं माप होतं, १४ मिमी. एफएनएसीत, म्हणजे सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत, पॅपिलरी कॅन्सर निघाला आणि मी ऑपरेशनची तारीख घ्यायला गेले. सर्जननी रिपोर्ट उलटापालटा करून विचारलं, "मानेच्या बाजूंचं काहीच लिहिलेलं नाही?" नव्हतंच. लिहिलं नाही म्हणजे काही नाही, असं मी धरून चालले होते. त्या सेंटरात पाच मिनिटांत उरकलं होतं सगळं. आता पुन्हा पैसे, पुन्हा रजा. चडफडतच गेले.

या खेपेला अर्धा तास लागला. खांद्याखाली उशी, मान मागे, गार जेल. मॅडम जबड्याखालून हासळीपर्यंत प्रोब सावकाश फिरवत होत्या, आधी डावीकडे, मग उजवीकडे. मी विचारल्यावर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "पायाला लागलं की जांघेत अवधाण येतं ना? तसल्या गाठी मानेत सगळ्यांनाच असतात." डावीकडची दाखवली: घेवड्याच्या दाण्यासारखी चपटी, मधोमध पांढरी रेघ. ती रेघ चरबीची. दिसली की बहुतेक चिंता नसते.

उजवीकडे प्रोब थांबला. ही गाठ गोल होती, रेघ गायब, आत रव्याच्या कणांसारखे चमकते ठिपके. डॉपलर लावल्यावर रक्तपुरवठा मधून जायच्या ऐवजी कडेकडेने दिसला. माप ९ मिमी. हाताला काहीच लागत नव्हतं, मी कितीदा तरी चाचपून पाहिलं.

सोनोग्राफीत बघतच सुई घातली. नंतर ती सुई सलाईनने खंगाळून ते पाणी थायरोग्लोब्युलिनसाठी पाठवलं. हे प्रथिन थायरॉइडच्याच पेशी बनवतात, मानेच्या बाजूच्या गाठीत ते भरपूर सापडलं तर एकच अर्थ. भरपूर सापडलं.

ऑपरेशनचा बेतच बदलला. थायरॉइडबरोबर मधल्या आणि उजव्या बाजूच्या गाठीही काढल्या. व्रण कानाच्या दिशेने वर गेलाय. पॅथॉलॉजीत थायरॉइडच्या मागच्या आणखी दोन गाठींत कॅन्सर निघाला. त्या सोनोग्राफीत दिसल्याच नव्हत्या. थायरॉइड जागेवर असताना तिच्याआडचं नीट दिसत नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं.

आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. परवा नंबर लावायला फोन केला तर पलीकडून विचारलं, "नुसता थायरॉइड की पूर्ण मान? रेट वेगळा आहे." म्हटलं, पूर्ण मान, दोन्ही बाजू.